वसतिगृहाच्या चुलीपाशी

जून उजाडला की आपल्या बचत गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. पोरगं बारावी झालं, कॉलेज जिल्ह्याच्या गावी, मग राहायचं कुठं? वसतिगृहाचे पैसे भरायला कुणी कर्ज मागतं, कुणी गळ्यातलं मोडायला निघतं. तेव्हा मला साताऱ्याच्या लक्ष्मीबाई आठवतात. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याला ठाऊक असतात. या त्यांच्या पत्नी.

आधी भाऊरावांचं सांगते. कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगात राहत. तिथं अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं, त्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर त्यांना अंघोळ करायला सांगितलं. ते नाही म्हणाले. मग बोर्डिंगच सुटलं.

पुढं १९१९ साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातिधर्मांची मुलं एका छपराखाली राहणार, एका पंगतीला जेवणार. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. हे सगळं पुस्तकात असतं.

माझं लक्ष मात्र स्वयंपाकाकडे जातं. इतक्या पोरांचं रांधायचं कुणी? लक्ष्मीबाई सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात वाढलेल्या. भाऊरावांनी अंघोळीला एकदा नकार दिला आणि ते बाहेर पडले. लक्ष्मीबाईंना ते सोवळं रोज चुलीपाशी सोडावं लागलं, आणि बाहेर पडायची सोय नव्हती. मला विचाराल तर दुसरं काम जास्त अवघड. त्यांनी या पोरांना आपलं मानलं. धान्य संपलं की अंगावरचा एकेक दागिना गेला. शेवटी मंगळसूत्रही गेलं. ज्या काळात मंगळसूत्र काढणं म्हणजे अशुभाला बोलावणं, त्या काळातली ही गोष्ट. सांगणारे ती ‘त्याग’ म्हणून सांगतात आणि पुढं जातात. त्या वेळी त्यांच्या पोटात काय कालवलं असेल, ते आपल्यासारखीनंच ओळखावं.

१९३० साली त्या गेल्या. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. गरिबाच्या पोरानं तिथंच राहायचं, अंगमेहनतीचं काम करायचं आणि त्यातून शिकायचं. ‘कमवा आणि शिका’ ती हीच. ते बघायला लक्ष्मीबाई नव्हत्या.

मी स्वतः बी.ए.ची तीन वर्षं कॉलेजच्या आवारातल्या वसतिगृहात काढली. एका खोलीत चौघी, रात्री दहाला दिवे बंद. मेसची भाकरी जाड असते म्हणून आम्ही नाकं मुरडायचो. ती थापणाऱ्या मावशींचं नाव मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. आणि पहिल्या वर्षाचे पैसे आईनं पाटल्या मोडून भरले होते, हे मला लग्नात कळलं, जेव्हा त्या पाटल्या निघाल्याच नाहीत.

आमच्या गटाच्या वहीत कर्जाच्या कारणापुढे ‘मुलाचं शिक्षण’ एवढंच लिहायची पद्धत होती. गेल्या जूनपासून मी त्याच ओळीत आणखी एक गोष्ट लिहून घेते: घरातल्या कुणाचं, किती सोनं मोडलं.