कॉन्टॅक्ट लेन्सच्या चिठ्ठीवरचे आकडे कसे वाचाल? चष्म्याचा नंबर टाकून लेन्स का मागवू नये, जाणून घ्या

लेन्सची चिठ्ठी हातात पडते, पण त्यावरची अक्षरं आणि आकडे कळत नाहीत, असं बऱ्याच जणांचं होतं. मग मोबाईलवरून लेन्स मागवताना अंदाजाने आकडे भरले जातात, नाहीतर चष्म्याचा नंबर टाकला जातो. लेन्स थेट बुबुळावर बसते, त्यामुळे चूक महागात पडू शकते. चिठ्ठी अशी वाचा.

ओडी आणि ओएस : ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. काही चिठ्ठ्यांवर आर आणि एल लिहितात. दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असू शकतात, म्हणून डबे अदलाबदल करू नका.

पॉवर किंवा एसपीएच : हा नंबर. उणे चिन्ह असेल तर लांबचं अंधुक दिसतं, अधिक असेल तर मुख्यतः जवळचं बघताना त्रास होतो. नंबर बहुतेक पावाच्या टप्प्याने वाढतो. १.२५ म्हणजे सव्वा, १.७५ म्हणजे पावणेदोन, २.५० म्हणजे अडीच. चिन्ह चुकलं तर लेन्स पूर्ण उलटी येते. 'प्लानो' लिहिलं असेल तर नंबर शून्य.

बीसी : लेन्सचा बाक, मिलीमीटरमध्ये. मऊ लेन्समध्ये साधारण ८.३ ते ९ च्या आसपास असतो. आकडा लहान तर बाक जास्त. बाक जुळला नाही तर लेन्स घट्ट बसते किंवा सरकत राहते.

डीआयए : लेन्सची रुंदी. मऊ लेन्सची साधारण १४ मिलीमीटरच्या आसपास.

सिल आणि ॲक्सिस : तिरपा नंबर असेल तरच हे दोन आकडे असतात. ॲक्सिस म्हणजे कोन, १८० पर्यंत.

ॲड : चाळिशीनंतर वाचण्यासाठी लागणारा जादा नंबर.

याशिवाय लेन्सचं नाव आणि ती रोज, पंधरा दिवसांनी की महिन्याने बदलायची, हेही चिठ्ठीवर बघा.

चष्म्याचा नंबर का चालत नाही?

चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलीमीटर लांब असतो, लेन्स डोळ्यालाच चिकटलेली. त्यामुळे नंबर साधारण चारच्या वर गेला की फरक पडतो. चष्मा उणे ६ चा असेल तर लेन्स उणे ५.५० च्या आसपास लागते. शिवाय चष्म्याच्या चिठ्ठीवर बाक आणि रुंदी नसतेच. लग्नासाठी नुसती रंगीत, बिननंबरी लेन्स घ्यायची असली तरी डोळ्याचं माप द्यावंच लागतं.

हे विसरू नका

लेन्स नळाच्या, विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने कधीही धुऊ नका. पाण्यातल्या जंतूंमुळे बुबुळाला गंभीर संसर्ग होऊन नजर जाऊ शकते. लेन्सचंच औषधी पाणी वापरा आणि ते रोज नवीन घ्या. हात साबणाने धुऊन कोरडे करा. झोपताना, अंघोळीला आणि पोहायला जाताना लेन्स काढा. फवारणी किंवा मळणीच्या दिवशी चष्माच बरा. दुसऱ्याची लेन्स, अगदी सख्ख्या बहिणीची असली तरी, घालू नका.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागलं तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमधून मनाने ड्रॉप आणून टाकू नका. जाताना लेन्सची डबी सोबत न्या.

चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा आणि वर्षातून एकदा डोळे पुन्हा तपासून घ्या.