एस-फोर-सी : चौथ्या वाहिनीची वाटचाल

वेल्श भाषेतला पहिला बोलपट 'अ ख्वारेलुर', म्हणजे 'खाणकामगार', इव्हान अब ओवेन एडवर्ड्स यांनी १९३५ साली काढला आणि गावोगावी नेऊन दाखवला. पुढे टीव्ही आला, तो मात्र बहुतांशी इंग्रजी बोलत. १९६२मध्ये वेल्श साहित्यिक सॉन्डर्स लुईस यांनी रेडिओवरून वेल्श भाषेच्या मरणाचा इशारा दिला. त्याच वर्षी वेल्श भाषा संघटना स्थापन झाली.

१९७९च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने वेल्श वाहिनीचे वचन दिले आणि सत्तेवर येताच ते मोडले. आंदोलन पेटले. ऑक्टोबरमध्ये पेन्नार डेव्हिस, मेरेडिद इव्हान्स आणि नेड थॉमस या तीन विद्वानांनी पेनकारेगच्या प्रक्षेपण केंद्रात घुसून ते बंद पाडले. (अशा पोक्त मंडळींनी कुलूप तोडावे, यातच सरकारने काय ते ओळखायला हवे होते.) दोन हजारांवर लोकांनी टीव्हीची परवाना फी भरणार नाही, असे जाहीर केले. शेवटी प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे नेते, हाडाचे शांततावादी ग्विनव्होर इव्हान्स यांनी ६ ऑक्टोबर १९८०पासून आमरण उपोषणाची घोषणा केली. १७ सप्टेंबरला, पहिला उपास घडण्याआधीच, सरकार नमले.

१ नोव्हेंबर १९८२ रोजी एस-फोर-सी ही वेल्श वाहिनी सुरू झाली. पहिले संचालक ओवेन एडवर्ड्स हे 'अ ख्वारेलुर' काढणाऱ्यांचेच चिरंजीव. पहिल्याच संध्याकाळी 'सुपरटेड' हे अस्वल पडद्यावर वेल्श बोलले. बीबीसीवर १९७४पासून चाललेली 'पोबोल अ कूम' ही खोऱ्यातल्या माणसांची मालिकाही इथे आली. वाहिनीने चित्रपटांनाही हात घातला. १९१७च्या आइस्टेदवोद या साहित्यसंमेलनात विजेत्या कवीचे नाव पुकारले गेले, तेव्हा तो आधीच रणांगणावर पडला होता. विजेत्यासाठी ठेवलेल्या मानाच्या खुर्चीवर काळे वस्त्र पांघरले गेले. त्या कवीवरचा वाहिनीचा 'हेद विन' हा १९९२चा चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला.

२०१०नंतर अनुदानाला मोठी कात्री लागली आणि पैशासाठी बीबीसीच्या परवाना फीकडे पाहावे लागले. स्वायत्ततेची काळजी अनेकांनी बोलून दाखवली. पण काम थांबले नाही. २०१३च्या 'अ ग्विल' या पोलिसी मालिकेत कलाकार एकच प्रसंग वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत एकापाठोपाठ रंगवत.

२०१८मध्ये मुख्यालय कार्डिफहून कार्मार्थनला हलले. इमारतीचे नाव 'अर एगिन', म्हणजे अंकुर. याच कार्मार्थनने १९६६ साली ग्विनव्होर इव्हान्स यांना पहिल्यांदा संसदेत पाठवले होते.