सुपरमिन

सुपरमिन ही लिनक्सवर चालणारी, आज्ञा-ओळीवरून वापरण्याची एक मुक्त स्रोत आज्ञावली आहे. अत्यंत लहान आकाराची आणि थेट बूट होऊ शकणारी आभासी यंत्रे तयार करणे हे तिचे काम आहे. एकाच विशिष्ट कामासाठी बांधलेल्या अशा आभासी यंत्राला ‘अप्लायन्स’ म्हणतात. सुपरमिनने साठवलेले अप्लायन्स साधारणपणे १०० किलोबाइटच्या आसपास असते. त्यात कर्नल नसतो, प्रोग्रॅम नसतात आणि लायब्रऱ्याही नसतात. हे सर्व घटक ज्या संगणकावर अप्लायन्स चालवायचे त्या यजमान संगणकावर आधीच असतात. म्हणून सुपरमिन फक्त त्यांची यादी जपून ठेवते आणि गरज पडेल तेव्हा त्या यादीवरून पूर्ण यंत्र उभे करते.

पार्श्वभूमी

सुपरमिनचा उगम लिबगेस्टएफएस या प्रकल्पात आहे. रेड हॅट या कंपनीतील रिचर्ड डब्ल्यू. एम. जोन्स यांनी २००९ मध्ये सुरू केलेली ही लायब्ररी आभासी यंत्रांच्या डिस्क प्रतिमा उघडून त्यांतील फाइली वाचण्यासाठी व बदलण्यासाठी वापरतात. अनोळखी डिस्क प्रतिमा यजमान संगणकाच्या कर्नलवर थेट जोडणे धोक्याचे असते. फाइल प्रणालीची रचना मुद्दाम बिघडवून कर्नलमधील एखाद्या दोषाचा गैरफायदा घेता येतो आणि संपूर्ण संगणकाचा ताबा मिळवता येतो. शिवाय अशी जोडणी करण्यासाठी सहसा रूट वापरकर्त्याचे अधिकार लागतात.

लिबगेस्टएफएस हे काम एका छोट्या आभासी यंत्राच्या आत करते. डिस्क प्रतिमा त्या यंत्राला जोडली जाते, आतील एक सेवा-प्रोग्रॅम फाइलींवर काम करतो आणि काम संपल्यावर यंत्र बंद होते. डिस्क प्रतिमेत काही घातक असले तरी त्याची गाठ आधी या यंत्राच्या कर्नलशी पडते. साध्या वापरकर्त्यालाही ही सोय मिळते.

मात्र त्यासाठी एक संपूर्ण लहान लिनक्स प्रणाली लायब्ररीसोबत वितरित करावी लागली असती. तसे केल्यास दोन अडचणी येतात. पहिली आकाराची: यजमानावर असलेल्याच प्रोग्रॅमांची दुसरी प्रत डिस्कवर साठते. दुसरी सुरक्षेची: एखाद्या लायब्ररीत दोष सापडला आणि यजमानाने ती अद्ययावत केली, तरी अप्लायन्समधील जुनी प्रत तशीच राहते. या दोन्ही अडचणींवरील उपाय म्हणून सुपरमिनची कल्पना पुढे आली.

या आज्ञावलीचे पहिले नाव ‘फेबूटस्ट्रॅप’ होते. डेबियनमधील ‘डेबूटस्ट्रॅप’ या साधनाच्या धर्तीवर ‘फेडोरा’ या नावातील पहिले अक्षर घेऊन ते तयार झाले. फेकरूट व फेकक्रूट यांच्या साहाय्याने, रूट अधिकारांशिवाय फेडोराची मूलभूत फाइल प्रणाली उभी करणे हे तिचे सुरुवातीचे काम होते. पुढे लहान अप्लायन्स बांधणे हाच मुख्य उद्देश ठरला, फेडोराखेरीज इतर वितरणांनाही आधार मिळाला आणि ‘सुपरमिन’ हे नाव रूढ झाले. पाचव्या आवृत्तीत पूर्वीचे दोन स्वतंत्र प्रोग्रॅम एकत्र करण्यात आले. सुपरमिनचा बहुतांश भाग ओकॅमल व सी या भाषांत लिहिलेला असून ती जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सखाली उपलब्ध आहे.

कार्यपद्धती

सुपरमिनचे काम ‘प्रिपेअर’ आणि ‘बिल्ड’ अशा दोन टप्प्यांत चालते.

प्रिपेअर टप्प्यात वापरकर्ता हव्या असलेल्या पॅकेजांची नावे देतो. उदाहरणार्थ, बॅश आणि कोअरयुटिल्स ही दोन नावे दिली, तर आज्ञाकवच आणि रोजच्या वापरातील मूलभूत आज्ञा असलेल्या यंत्राची तयारी होते. या टप्प्यातून एका फोल्डरमध्ये मुख्यतः दोन गोष्टी तयार होतात: पॅकेजांची यादी आणि त्यांच्या संरचना-फाइलींचा एक दाबलेला संच. संरचना-फाइली यजमानावरून उचलल्या जात नाहीत, कारण यजमानाच्या चालकाने त्या बदललेल्या असू शकतात. म्हणून पॅकेजे भांडारातून उतरवून घेऊन मूळ स्वरूपातील फाइली काढल्या जातात. यजमानावर बसवलेलीच पॅकेजे वापरण्याचा पर्यायही आहे, परंतु त्यात यजमानाची खासगी माहिती अप्लायन्समध्ये जाण्याचा धोका असतो.

बिल्ड टप्पा अप्लायन्स चालवण्याच्या वेळी, वापरकर्त्याच्या संगणकावर पार पडतो. सुपरमिन यादीतील पॅकेजे वाचते, ती ज्या इतर पॅकेजांवर अवलंबून आहेत त्यांचा शोध घेते आणि त्यांच्या फाइली यजमानावरून नकलून घेते. पॅकेजांची माहिती मिळवण्यासाठी यजमानाच्या पॅकेज व्यवस्थापकाची मदत घेतली जाते. आरपीएम, डेबियनचा डीपीकेजी आणि आर्च लिनक्सचा पॅकमॅन या प्रणालींना आधार आहे. वापरकर्ता स्वतःच्या फाइलींचा संच जोडू शकतो, तसेच दस्तऐवजांसारख्या अनावश्यक फाइली वगळण्याची सूचनाही देऊ शकतो.

बिल्डचे फलित दोन स्वरूपांत मिळते. ‘क्रूट’ स्वरूपात फाइलींचे साधे वृक्षरूप फोल्डर तयार होते. ‘ईएक्सटी२’ स्वरूपात बूट होण्याजोगे यंत्र मिळते आणि त्यात तीन घटक असतात: कर्नल, आरंभीची रॅम-डिस्क आणि मूळ फाइल प्रणाली असलेली डिस्क प्रतिमा. ही प्रतिमा ई२एफएसप्रोग्ज संचातील लायब्ररीच्या साहाय्याने थेट लिहिली जाते. त्यामुळे ती कोठेही जोडावी लागत नाही आणि रूट अधिकारही लागत नाहीत. प्रतिमा विरळ स्वरूपाची असल्याने नाममात्र आकार मोठा दिसला तरी डिस्कवरील प्रत्यक्ष जागा कमी लागते.

बूट होण्याची प्रक्रिया

तयार झालेले तीन घटक क्यूएमू या अनुकरण-प्रणालीला दिले की यंत्र सुरू होते. केव्हीएमची जोड असल्यास हे जलद घडते. नसल्यास संपूर्ण अनुकरण सॉफ्टवेअरद्वारे होते आणि गती बरीच कमी होते. प्रथम यजमानाचाच कर्नल आभासी यंत्रात चालू होतो. रॅम-डिस्कमध्ये सी भाषेत लिहिलेला एक छोटा, स्वयंपूर्ण प्रोग्रॅम आणि डिस्क ओळखण्यासाठी लागणारी मोजकी कर्नल मॉड्यूल असतात. हा प्रोग्रॅम मॉड्यूल चढवतो, मूळ डिस्क जोडतो आणि तिच्यावरील ‘इनिट’ या फाइलीकडे नियंत्रण सोपवतो. ही फाइल अप्लायन्स तयार करणाऱ्याने स्वतः द्यायची असते. यंत्राने प्रत्यक्षात कोणते काम करायचे, ते तीच ठरवते.

पॅकेज बसवताना एरवी चालणाऱ्या स्क्रिप्ट सुपरमिन चालवत नाही, ती केवळ फाइलींची नक्कल करते. त्यामुळे अशा स्क्रिप्टनी करावयाची एखादी तजवीज आवश्यक असल्यास ती ‘इनिट’मध्येच करावी लागते.

पुनर्बांधणी

प्रत्येक वेळी नव्याने बांधणी करणे वेळखाऊ ठरते. म्हणून आधी तयार झालेले अप्लायन्स साठवून ठेवता येते. मूळ फाइली किंवा यजमानाची पॅकेज-नोंद त्यानंतर बदलली असेल, तरच पुन्हा बांधणी करावी, असा पर्याय सुपरमिनमध्ये आहे. दोन प्रक्रियांनी एकाच वेळी बांधणी करू नये यासाठी कुलूप-फाइलीची सोय आहे. लिबगेस्टएफएस या दोन्हींचा उपयोग करते. यजमानावर सुरक्षा-सुधारणा बसवली की पुढच्या वेळी सुरू होणाऱ्या अप्लायन्समध्ये ती आपोआप येते. आधीपासून चालू असलेले यंत्र मात्र जुन्याच प्रतींवर चालत राहते.

मर्यादा

सुपरमिनच्या लहान आकाराची किंमत यजमानावरील अवलंबित्वाच्या रूपाने मोजावी लागते. फेडोरावर तयार केलेला संच डेबियनवर उपयोगी पडत नाही. यजमान आणि अप्लायन्स यांचे वितरण व प्रक्रियकाची रचना एकच असावी लागते.

बांधणी साध्या वापरकर्त्याच्या अधिकारांत होत असल्याने, त्याला वाचता न येणाऱ्या फाइली अप्लायन्समध्ये येऊ शकत नाहीत. उबुंटूमध्ये कर्नलची फाइल केवळ रूट वापरकर्त्यालाच वाचता येते. त्यामुळे तेथे लिबगेस्टएफएस चालवण्यापूर्वी त्या फाइलीच्या परवानग्या बदलाव्या लागतात. कंटेनरमध्ये बहुधा कर्नलचे पॅकेजच नसते, म्हणून तेथेही बांधणी अडते आणि ते पॅकेज वेगळे बसवावे लागते.

इतर साधनांशी तुलना

लिबगेस्टएफएस प्रकल्पातीलच व्हर्ट-बिल्डर हे साधन तयार, स्वाक्षरीकृत डिस्क साचे उतरवून घेते आणि त्यांत हवे ते बदल करून देते. त्यातून मिळणारी प्रतिमा आकाराने मोठी असते, पण ती कोणत्याही सुसंगत संगणकावर नेता येते. सुपरमिनचा आधार नसलेल्या प्रणालींसाठी लिबगेस्टएफएसमध्ये ‘स्थिर अप्लायन्स’ तयार करण्याचीही सोय आहे. असे अप्लायन्स दुसऱ्या संगणकावर नकलून नेता येते. मात्र त्यातील प्रोग्रॅम यजमानाबरोबर अद्ययावत होत नाहीत आणि ते वेळोवेळी नव्याने तयार करण्याची जबाबदारी वापरकर्त्यावर राहते. दीर्घकाळ चालणाऱ्या किंवा अनेक ठिकाणी वाटावयाच्या यंत्रांसाठी व्हर्ट-बिल्डरसारखी साधने सोयीची ठरतात. क्षणभरासाठी उभ्या राहून काम संपताच नाहीशा होणाऱ्या यंत्रांसाठी सुपरमिनचा वापर होतो.