द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द कार्ड गेममधील वीरनिवड

द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द कार्ड गेम हा जे.आर.आर. टॉल्कीन यांच्या कथाविश्वावर आधारित पत्त्यांचा सहकारी खेळ आहे. नेट फ्रेंच यांनी रचलेला हा खेळ २०११ साली प्रकाशित झाला. यात प्रत्येक खेळाडू एक ते तीन वीर निवडतो. वीरांच्या धोकांकांची बेरीज हा त्याचा प्रारंभिक धोका असतो. खेळात तो वाढत ५० झाल्यास खेळाडू बाद होतो.

कथानुरूप निवड

कादंबरीत पळवून नेलेल्या हॉबिटांचा माग काढणारे ॲरागॉर्न, लेगोलास व गिमली हे कथेशी सुसंगत त्रिकूट होय. मूळ संचातील त्यांचे धोकांक अनुक्रमे १२, ९ व ११ असल्याने प्रारंभिक धोका ३२ होतो. लढाईत हे त्रिकूट प्रबळ असले, तरी त्याची एकत्रित इच्छाशक्ती केवळ ५ आहे. एकट्या एओविनची ४ आहे. प्रवासातील प्रगती इच्छाशक्तीवर अवलंबून असल्याने ही उणीव साहाय्यक पत्त्यांनी किंवा सहखेळाडूच्या वीरांनी भरून काढावी लागते.

मोहिमेतील परिणाम

मोहिमेत अनेक प्रसंग क्रमाने खेळले जातात. मृत वीरांची नोंद पुढील प्रसंगांसाठी ठेवली जाते आणि वीर बदलल्यास प्रारंभिक धोका कायमस्वरूपी १ ने वाढतो. त्यामुळे कथानुरूप निवड करतानाही संघाचा समतोल आरंभीच साधणे आवश्यक ठरते.