हत्यारांवरील शिक्क्यांची भाषा

जुनी युरोपीय हत्यारे जमविणारा जाणकार चकाकीला भुलत नाही. तो आधी शिक्का वाचतो. परदेशी मालाने ब्रिटिश असल्याचा आव आणू नये, यासाठी ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा केला. शेफिल्डच्या नावावर खपणाऱ्या जर्मन सुऱ्या-कात्र्या हे त्यामागचे एक कारण. कमीपणा दाखविण्यासाठी आलेली 'मेड इन जर्मनी' ही मोहोर पुढे प्रतिष्ठेची ठरली, हा काव्यगत न्यायच! 'वेस्ट जर्मनी' असा शिक्का असल्यास ते हत्यार साधारणपणे १९४९ ते १९९० या काळातील मानावे.

रेमशाइड आणि वुपरटालचा क्रोनेनबर्ग भाग ही जर्मन हत्यारांची माहेरघरे. श्टालविले (१८६२), हाझेट (१८६८) आणि क्निपेक्स (१८८२) तिथल्याच.

शेफिल्डच्या जुन्या पटाशीवरील 'कास्ट स्टील' हे शब्द नवख्याला हमखास चकवतात. ते बिडाचे ओतकाम नव्हे; बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीने मुशीत वितळविलेले उत्तम पोलाद होय.

तुलना करताना पाना नटावर चढवून पाहावा. पोलाद मऊ असेल तर जबडा फाकतो, अतिकठीण असेल तर तडकतो. पक्कड मिटून उजेडासमोर धरावी. कापणाऱ्या धारांमधून फट दिसता कामा नये. सांध्याची ढिलाईही तपासावी.

गंज काढण्यासाठी पटाशी सरळ ग्राइंडरवर धरणे मात्र घातक. धार निळी पडली की पोलादाचे पाणी उतरलेच म्हणून समजावे.