सदाफुलीच्या २५ पानांची गोष्ट



सदाफुली कुणाच्या दारात नाही? कुंपणाशी, तुळशीजवळ, फुटक्या माठातसुद्धा ती बारा महिने फुलते. पानं इतकी कडू की शेळीही सहसा तोंड लावत नाही. ती आपल्या इथलीच वाटते, पण तिचं माहेर आफ्रिकेजवळचं मादागास्कर बेट. तिथून ती जगभर गेली आणि बऱ्याच देशांत लोक तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेऊ लागले. वेस्ट इंडीजमधलं जमैका बेट त्यातलंच एक.

१९५२ साली जमैकाहून कॅनडातल्या डॉक्टर क्लार्क नोबल यांच्याकडे एक पाकीट आलं. आत सदाफुलीची २५ पानं. त्यांनी ती आपल्या संशोधक भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. रॉबर्टनी पानांचा अर्क उंदरांना तोंडावाटे दिला. रक्तातली साखर काही उतरली नाही. मग तोच अर्क सुईने टोचला, तर उंदीर दगावू लागले.

इथे एखाद्याने काम सोडून दिलं असतं. पण रॉबर्टनी उंदीर कशाने मेले ते तपासलं. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या, म्हणून साध्या जंतूंशीही त्यांना लढता आलं नाही. रक्ताच्या कर्करोगात तर याच पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. मग हा अर्क तिथे उपयोगी पडेल का?

चार्ल्स बीअर या रसायनतज्ज्ञांनी पानांतून नेमकं द्रव्य वेगळं काढलं, आणि १९५८ मध्ये दोघांनी ते जगापुढे मांडलं. त्याचं नाव व्हिनब्लास्टिन. त्याच सुमारास अमेरिकेतल्या एका औषध कंपनीचे शास्त्रज्ञही सदाफुलीवर काम करत होते. त्यांना व्हिन्क्रिस्टिन सापडलं. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पेशी एकीच्या दोन होताना तिच्या आत बारीक धागे विणले जातात. ही औषधं ते धागे विणूच देत नाहीत. ज्या रक्ताच्या कर्करोगातून पूर्वी मुलं क्वचितच वाचत, त्यातून आज पूर्ण उपचार मिळालेली बरीचशी मुलं बरी होतात. त्या उपचारात इतर औषधांच्या जोडीला व्हिन्क्रिस्टिन असतं.

मग दारची पानं चावून कर्करोग बरा होईल का? नाही, बायांनो. एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. औषध शिरेतून, मोजून, रक्त तपासत द्यावं लागतं. जरा जास्त झालं तर तेच विष होतं. काढ्यात काय आणि किती उतरलं, हे कुणालाच सांगता येत नाही. उंदीर कशाने मेले होते, ते आठवा.

काढ्यापायी गेलेले महिने गाठ थांबून राहत नाही, वाढतच जाते. म्हणून स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर लाजू नका. आशाताईला सांगा, दवाखाना गाठा. आधीपासून काही काढा घेत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

सदाफुली देवाला वाहा, दारात फुलू द्या. तिचं औषध मात्र दवाखान्यातच घ्या.