लोणारचा पाषाण आणि मंगळावरचा अडलेला संगणक

१/ बुलढाणा जिल्ह्यात लोणारच्या काठावर उभे राहिले की पायाखाली दख्खनचा काळा पाषाण असतो: बेसाल्ट. २००४ च्या जानेवारीत याच कुळातल्या एका दगडासमोर, मंगळावर, एक यंत्र अडले. त्याचा संगणक सुरू होई, कोसळे आणि पुन्हा सुरू होई. संगणकाच्या इतिहासातील या विलक्षण दुरुस्तीची ही कथा.

२/ आरंभ लोणारपासूनच. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवराला लोककथेने लोणासुराचे घर मानले. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ अनेक अभ्यासक त्याला ज्वालामुखीचे मुख समजत राहिले. १९७३ मध्ये मात्र ‘सायन्स’ या नियतकालिकातील शोधनिबंधाने ते उल्काघाताचे विवर असल्याचे पुरावे मांडले. प्रचंड आघाताने खनिजांचे काचेत झालेले रूपांतर हा त्यातला कळीचा पुरावा होता.

३/ बेसाल्टमधील इतके सुस्थितीत टिकलेले उल्काविवर पृथ्वीवर दुर्मीळ. मंगळाचे कवच मुख्यतः बेसाल्टचे आणि त्यावर विवरांची दाटी. त्यामुळे मंगळाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी लोणार हा हाताला लागणारा नमुना ठरला. परंतु मंगळावरचा दगड तपासायचा, तर तेथे यंत्रच पाठवावे लागते.

४/ असे एक यंत्र म्हणजे नासाची ‘स्पिरिट’ ही बग्गी. १० जून २००३ रोजी तिचे प्रक्षेपण झाले आणि ४ जानेवारी २००४ रोजी ती गुसेव्ह या सुमारे १६० किलोमीटर व्यासाच्या विवरात उतरली. तपासणीसाठी तिने निवडलेल्या पहिल्या दगडाचे नाव ठेवण्यात आले ‘अ‍ॅडिराँडॅक’. तो घासून आतले खनिज पाहायचे होते.

५/ स्पिरिटचा संगणक आजच्या साध्या मोबाइलपुढेही दुबळा होता: २० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२८ एमबी रॅम आणि वीज गेली तरी मजकूर जपणारी २५६ एमबी फ्लॅश मेमरी. त्यावर ‘व्हीएक्सवर्क्स’ ही एम्बेडेड, म्हणजे यंत्राच्या पोटात राहून त्याचा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टिम चाले. अशा प्रणालीला बहुधा पडदा नसतो, कळफलक नसतो आणि शेजारी बसलेला माणूसही नसतो.

६/ संगणक जागा होतो तो पायरीपायरीने. प्रथम एक छोटा प्रोग्रॅम उठतो, तो मुख्य प्रणालीला उठवतो आणि ती प्रत्येक उपकरणाशी बोलण्यासाठी त्याचा दुभाष्या बोलावते. हा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. तो गैरहजर असेल, तर उपकरण समोर असूनही प्रणालीला दिसत नाही.

७/ यातला जुना पेच असा, की साठवणीचे उपकरण वाचणारा ड्रायव्हर त्याच उपकरणात ठेवलेला असतो. पेटीची किल्ली पेटीतच! लिनक्सने यावर तोडगा काढला: आवश्यक ड्रायव्हरांची छोटी शिदोरी आधीच रॅममध्ये उतरवायची आणि मग पेटी उघडायची. तरीही बूट अडलेच, तर अभियंता यंत्राला केबल जोडतो, पडद्यावर उमटलेली शेवटची ओळ वाचतो आणि गाडी कोणत्या पायरीवर थांबली ते ओळखतो.

८/ मंगळावर केबल पोहोचत नाही. २१ जानेवारी २००४, म्हणजे स्पिरिटचा मंगळावरील अठरावा दिवस. संपर्क तुटू लागला. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा केंद्रावर तेव्हा वादळी पाऊस होता, म्हणून पहिला संशय हवामानावर गेला. पाऊस सरला, पण बग्गी बोलेना. तिच्याकडून आला तो केवळ आज्ञा मिळाल्याची खूण देणारा संकेत.

९/ २३ जानेवारीला थोडी माहिती हाती लागली आणि चिंता वाढली. तीन दिवसांत संगणक साठहून अधिक वेळा पुन्हा सुरू झाला होता. रात्री वीज वाचवण्यासाठी बग्गीने झोपायला हवे होते, पण ती झोपतही नव्हती. बॅटरी उतरत होती. ती पूर्ण संपण्याआधी कारण शोधणे भाग होते, आणि प्रत्येक आज्ञेला मंगळापर्यंत पोहोचायला सुमारे दहा मिनिटे लागत होती.

१०/ अभियंत्यांनी पायऱ्यांचा विचार केला. प्रणाली उठत होती, म्हणजे मूळ प्रोग्रॅम शाबूत होता. फ्लॅश मेमरीतील फाइल-व्यवस्था जोडण्याच्या पायरीशी ती कोसळत असावी. मग ती पायरीच गाळली तर? अशा प्रसंगासाठी एक आज्ञा आधीच योजलेली होती: फ्लॅशकडे पाहू नकोस, केवळ रॅमवर ऊठ. २४ जानेवारीला ती आज्ञा गेली आणि स्पिरिट शुद्धीवर आली. मात्र दुखणे कायम होते, म्हणून पुढे रोज सकाळी तीच आज्ञा पुन्हा द्यावी लागे.

११/ मूळ कारण काय होते? येथे ड्रायव्हर गहाळ नव्हता. फाइल-व्यवस्था सांभाळणारा भाग हजर होता, पण कामाला लागताच जागेअभावी कोसळत होता. बूटपुरता परिणाम एकच. एखाद्या दप्तरखान्याची कल्पना करावी. रुमालांवर रुमाल साठत गेले. कारकून रोज सकाळी सगळ्या रुमालांची फेरिस्त बैठकीवर मांडून मगच कामाला बसतो. एके दिवशी फेरिस्तच इतकी वाढली की ती बैठकीवर मावेना, आणि दप्तरच उघडेना.

१२/ सुमारे सात महिन्यांच्या प्रवासातल्या फाइली अजून फ्लॅशमध्ये होत्या. त्यांत मंगळावरच्या रोजच्या फाइलींची भर पडली. त्यांची यादी रॅममध्ये मावेना. या व्यवस्थेचा आणखी एक दोष असा, की फाइल पुसली तरी यादीची लांबी घटत नसे. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर हाच बिघाड घडवून अभियंत्यांनी निदानाची खात्री करून घेतली.

१३/ चुटपुट लावणारा तपशील पुढेच आहे. जुन्या फाइली काढून टाकणारा प्रोग्रॅम पंधराव्या दिवशीच पाठवला होता. त्याचा एक भाग पोहोचला नाही. तो पुन्हा पाठवण्याचा दिवस ठरला होता एकोणिसावा. यंत्र अडले अठराव्या दिवशी!

१४/ फाइली काढल्या, फ्लॅश नव्याने फॉरमॅट केली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात स्पिरिट अ‍ॅडिराँडॅककडे वळली. तिने तो दगड झाडला, मग घासला. आत निघाले ऑलिव्हिनयुक्त बेसाल्ट. नव्वद मंगळदिवसांसाठी पाठवलेल्या या बग्गीचा शेवटचा संदेश आला तो २२ मार्च २०१० रोजी.

१५/ तिला वाचवले ते एका पूर्वतयारीने. यंत्र रचणाऱ्यांनी पेटी कधीतरी उघडणार नाही हे गृहीत धरले होते आणि पेटीवाचून जागे होण्याची एक वाट राखून ठेवली होती. आजही घरातला राउटर किंवा टीव्ही सदोष अपडेटनंतर उठेनासा झाला, की दुरुस्ती करणारा अशीच राखीव वाट शोधतो. ती वाट नसती, तर अ‍ॅडिराँडॅकच्या पोटात काय दडले आहे ते स्पिरिटला सांगता आले नसते, आणि लोणारच्या पाषाणाशी त्याचे नाते जुळवून पाहण्याची संधी लांबणीवर पडली असती.